घरात बिनतारी केंद्र, तरीही शेजारी सुखात!

मिक्सर सुरू झाला की रेडिओवरचं गाणं खरखरीत बुडून जायचं, आणि रस्त्यावरून स्कूटर गेली की टीव्हीच्या पडद्यावर ठिपक्यांची रांग धावायची, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. तेव्हा आपण मिक्सरला नावं ठेवायचो, पण मिक्सर बंद ठेवून चटणी काही होत नव्हती! एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राच्या कामात लुडबुड करावी, हा प्रकार जुनाच आहे. मात्र घरात कुणी ‘हॅम’ निघालं, खिडकीबाहेर एक तार दिसू लागली, की साऱ्या इमारतीतल्या खरखरीचा ठपका त्या एका तारेवर येतो. मग घरच्या बाईला जिन्यात गाठून विचारलं जातं, "अहो, तुमच्याकडे रात्री ते काय चालू असतं? काल आमच्या टीव्हीवर चित्राचे तुकडे तुकडे होत होते!"

छंद यजमानांचा असो, कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा असो किंवा (का असू नये?) तुमचा स्वतःचा असो, ही बोलणी बहुधा आपल्यालाच ऐकावी लागतात. कारण विरजण मागायला, घराची किल्ली ठेवायला, पाहुण्यांसाठी जास्तीची गादी आणायला शेजारी जातो आपणच. सातासमुद्रापलीकडच्या माणसाशी गप्पा होऊ लागल्या आणि भिंतीपलीकडच्या माणसाशी अबोला धरला गेला, तर त्या केंद्राचा उपयोग काय? म्हणून हे चार शब्द. यातला तांत्रिक भाग कळायला इंजिनियर असावं लागत नाही. कुकरची शिट्टी का अडकते हे जिला समजतं, तिला हेही समजेल.

हॅम कोण आणि सीबी म्हणजे काय?

हौसेखातर घरून बिनतारी यंत्र चालवणारा परवानाधारक म्हणजे हॅम. त्याचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षं पुरी झालेल्या मुलामुलींपासून कुणीही या परीक्षेला बसू शकतं. तिचे दोन प्रकार आहेत: रेस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलसाठी मोर्सची ‘डिट-डा’ची भाषा मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं यावी लागते, रेस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. थोडी वीज, थोडं रेडिओचं शास्त्र आणि नियम, एवढाच अभ्यास. उत्तीर्ण झालं की परवान्याबरोबर व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ या अक्षरांनी सुरू होणारं स्वतःचं संकेतनाव मिळतं. हे नाव माहेरचं नाही नि सासरचंही नाही; ते आपण कमावलेलं!

सीबी, म्हणजे ‘सिटिझन्स बँड’, हा हॅमचा धाकटा भाऊ. त्याचं मूळ गाव अमेरिका. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथल्या ट्रकवाल्यांनी पेट्रोल कुठं मिळतंय हे एकमेकांना कळवायला त्याचा सपाटून वापर केला आणि पाहता पाहता तो घराघरांत शिरला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावानं त्यावर बोलत! गर्दी इतकी झाली, की १ जानेवारी १९७७ पासून सीबीच्या २३ वाहिन्यांच्या ४० कराव्या लागल्या. आणि त्याच काळात तिथल्या शेजाऱ्यांची भांडणंही रंगली. सीबी चालतो २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. त्याची दुप्पट ५४. नेमका तिथूनच अमेरिकेतला टीव्हीचा दुसरा चॅनेल सुरू व्हायचा! यंत्र जरा सदोष असलं, की एका घरातली बडबड दुसऱ्या घरातल्या पडद्यावर आडव्या पट्ट्या होऊन उमटायची.

आपल्याकडे २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ५ वॅटपर्यंतच्या कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट दिली. पण म्हणून बाजारात दिसेल तो वॉकीटॉकी उचलू नका बरं. संच सरकारमान्य हवा आणि परवान्यातून सूट असलेल्या पट्ट्यातलाच हवा. ऑनलाइन बाजारात बेकायदा संचांचा एवढा सुळसुळाट झाला होता, की २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यांच्या विक्रीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. स्वस्तात मिळालेला चुकीचा संच पोलिसांच्या किंवा विमानांच्या संदेशात लुडबुड करू शकतो. मग प्रकरण शेजारणीच्या तक्रारीवर थांबत नाही.

आधी शेजार, मग तार

पुष्कळ घरांत क्रम उलटा होतो. रविवारी सकाळी मुलगा आणि त्याचे मित्र गच्चीवर तार बांधतात आणि सोमवारी सेक्रेटरी दारात उभे राहतात. गच्ची सगळ्या सभासदांची असते हे विसरू नये. तार बांधण्याआधी सोसायटीच्या समितीला रीतसर अर्ज करा. परवान्याची प्रत जोडा. तार कुठून कुठे जाणार, किती उंचीवर असणार, याची साधी आकृती काढून द्या. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकांचीही लेखी संमती घ्या आणि ती विजेच्या बिलांच्या फाईलमध्ये जपून ठेवा. समित्या बदलतात, कागद राहतो.

अर्जाइतकंच मोलाचं काम म्हणजे वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडांना एकदा चहाला बोलावणं. यंत्र दाखवा. कुणाचा तरी आवाज ऐकवा. "तुम्ही आमचे फोन ऐकता का हो?" हा प्रश्न येणारच. सरळ उत्तर द्या: हॅमच्या पट्ट्यात मोबाईल ऐकू येत नाहीत, आणि या केंद्रावरून धंद्याची बोलणी, राजकारण, सांकेतिक भाषेतले गुप्त निरोप, गाणी लावणं, हे सारं नियमानं वर्ज्य आहे. मग आपणच म्हणावं, "काही गडबड वाटली तर आधी माझ्याकडे या हं. मी लगेच बंद करायला सांगेन आणि मग कारण शोधू." तक्रार अशी आधीच मागून घेतली, की ती जिन्यात चोरपावलांनी फिरत नाही.

तार कुठं बांधाल?

सगळ्यात साधं एरियल म्हणजे मधोमध तोडलेली एक लांब तार. तिची लांबी पट्ट्यावर ठरते. ७ मेगाहर्ट्‌झला सुमारे २० मीटर लागते, म्हणजे अडीच नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरल्यासारखी! १४ ला १० मीटर पुरते आणि २८ ला पाच. गावातल्या गावात बोलण्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा असतो, त्याला तर अर्ध्या मीटरची काडी पुरते. जागा थोडी असेल तर सुरुवात इथूनच करावी.

काही पथ्यं मात्र कटाक्षानं पाळायची:

• रस्त्यावरच्या विजेच्या तारांपासून एरियल इतकं दूर हवं, की ते तुटून कोणत्याही बाजूला पडलं तरी त्या तारांना टेकणार नाही. इथे तडजोड नाही.

• वाळत घालायच्या दोरीजवळ आणि मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर एरियल नको. बोलणं चालू असताना उघड्या तारेला हात लागला तर भाजतं. संक्रांतीला गच्चीवर पतंगवाली मुलं जमतात, तेव्हा तर विशेष लक्ष ठेवा.

• टीव्हीच्या, इंटरनेटच्या आणि विजेच्या वायरींना समांतर तार ओढू नका. जितकी दूर, जितकी उंच, तितकी शेजाऱ्यांना शांतता.

• अर्थिंगची तार गॅसच्या पाइपाला कधीही जोडू नका. अर्थिंग जाणत्या वायरमनकडून करून घ्या.

• वळवाचे ढग दाटून आले, की गडगडाटाची वाट न पाहता एरियलची वायर संचापासून काढून ठेवा. विजा चमकू लागल्यावर तिला हात लावायचा नाही.

तक्रार आली तर वही काढा

दूधवाल्याच्या हिशेबासाठी आपण वही ठेवतो ना? हॅमचीही तशी वही असते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, किती शक्तीवर आणि कुणाशी बोलणं झालं, हे सारं तीत लिहायचं. परदेशी गप्पांसाठी हॅम लोक जागतिक वेळ लिहितात, ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. आपल्या घरच्या वहीत शेजारी भारतीय वेळही लिहायला लावा, म्हणजे पुढे घोळ होत नाही.

शेजारणीला एक कोरा कागद द्या आणि म्हणा, "आठवडाभर गडबड होईल तेव्हा फक्त वेळ टिपून ठेवा." आठवड्यानं वही आणि कागद शेजारी शेजारी ठेवले, की निवाडा आपोआप होतो. कित्येकदा असं निघतं, की गडबडीच्या वेळी आपला संच बंदच होता! तसं निघालं तरी विजयी मुद्रा करू नये. "चला, मग खरा चोर शोधू या," एवढंच म्हणावं.

वेळा जुळल्या तर दुसरी पायरी. घरात एकजण संच चालवील आणि तुम्ही शेजारणीकडे जाऊन बसाल. फोनवरून सांगायचं, "आता बोल, आता थांब." दहा मिनिटांत कळतं, की कोणत्या पट्ट्यावर, किती शक्तीवर आणि कोणत्या उपकरणाला त्रास होतो. त्याआधी हीच परीक्षा स्वतःच्या घरात करा. आपलाच टीव्ही आणि आपलीच बेल शांत असेल, तर दुसऱ्याच्या घरात बोलायला आपल्याला तोंड राहतं.

दोष कुठं, उपाय काय?

दोष तीन ठिकाणी असू शकतो.

पहिला, आपल्या संचात. वाईट किंवा चुकीचा जोडलेला संच स्वतःच्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट अशाही लहरी सोडतो. २१ मेगाहर्ट्‌झची पाचपट १०५, म्हणजे थेट एफएम रेडिओच्या घरात! आपल्या घरच्या बोंबलांचा वास जिन्यात जावा, तसं हे. तो आपल्याच दारात अडवायला हवा. संच आणि एरियल यांच्यामध्ये ‘लो पास फिल्टर’ नावाची डबी बसवली, की ३० मेगाहर्ट्‌झच्या वरचा उपद्रव तिथेच अडतो. कामाच्या लहरी मात्र खुशाल बाहेर जातात.

दुसरा, शेजारच्या उपकरणात. आपला संच अगदी निर्मळ असला, तरी शेजारच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमध्ये, इंटरकॉममध्ये किंवा दाराच्या बेलमध्ये बदक बोलावं तसा आवाज येऊ शकतो. त्या उपकरणाच्या लांब वायरी न मागता एरियलचं काम करतात. उपाय स्वस्त आहे: फेराइट नावाच्या काळ्या पदार्थाचं कडं. उपकरणाच्या अगदी जवळ, वायरीचे सात-आठ वेढे त्या कड्यातून घ्यायचे. लॅपटॉपच्या वायरीवर जो फुगीर गठ्ठा दिसतो, तो हाच.

इथे कायद्यानं चूक कुणाची, याचा काथ्याकूट करू नका. चार-सहा कडी आपल्या खर्चानं आणून द्या. मात्र शेजाऱ्यांचं उपकरण कितीही आग्रह झाला तरी उघडू नका. उद्या त्याची काच फुटली तरी "तुमच्या मुलानं उघडलं होतं" असंच ऐकायला मिळेल!

तिसरा दोष कुणाच्या ध्यानीमनी नसतो: गच्चीवरची गंजलेली तार! कपडे वाळत घालायची जुनी लोखंडी तार, गंजलेला नट, सैल पत्रा, यांच्या सांध्यांतून लहरींची मोडतोड होऊन नव्याच फ्रिक्वेन्सी तयार होतात. ती तार काढून नायलॉनची दोरी बांधली तर खरखरही जाते आणि साड्यांवरचे गंजाचे डागही.

याखेरीज एक हुकमी उपाय आहे: शक्ती कमी करा. १०० वॅटवरचा संच २५ वर आणला, तर दूर बसलेल्या माणसाच्या मीटरवर काटा फक्त एकच घर खाली येतो. त्याला फारसा फरक कळतही नाही. शेजारच्या टीव्हीला मात्र तेवढ्यानं पुष्कळदा आराम पडतो. भाजीत तिखट घालताना आपण जो विचार करतो, तोच इथे करायचा. लागेल तेवढंच.

आणि हो, त्रास उलट्या बाजूनंही होतो! स्वस्त एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, पाण्याच्या फिल्टरचा ॲडॉप्टर, इन्व्हर्टर यांच्यामुळे हॅमच्या कानात सतत भुणभुण चालते. ती आपल्याच घरातली आहे का, हे पाहायला संच बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. भुणभुण थांबली तर एकेक स्विच चालू करत जा, चोर सापडतो. न थांबली तर ती बाहेरची. अशा वेळी शेजाऱ्यांचा दिवा बदलायला सांगायचा असेल, तर आधी आपण त्यांची बेल नीट करून दिलेली असलेली बरी, नाही का?

रात्रीच्या गप्पा

काही पट्टे रात्रीच उघडतात आणि पहाटे तर लांबलांबची केंद्रं ऐकू येतात. म्हणून रात्री दोन वाजता "हॅलो, हॅलो" असं मोठ्यानं चाललं, तर भिंतीपलीकडच्या आजींची झोप मोडते. तिथे रेडिओ-लहरींचा संबंधच नसतो, साधा आवाजाचा प्रश्न असतो. रात्री दहानंतर कानाला हेडफोन हवेच. टेबल सामायिक भिंतीला टेकवू नका, आतल्या भिंतीकडे घ्या. दार लावा. मोर्स शिकलेल्यांची सोय आणखी चांगली: हेडफोन लावून टकटक केली तर घरातल्या कुणालाही पत्ता लागत नाही. शेजारी परीक्षेचं मूल असेल, कुणी आजारी असेल, तर चार दिवस केंद्र आपण होऊन बंद ठेवावं आणि तसं त्यांना सांगावंही.

"किरणं लागतात का हो?"

मोबाईलच्या टॉवरवरून एवढी भांडणं झाली आहेत, की हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. विचारणारीच्या घरात तान्हं बाळ असतं, कुणाला दिवस गेलेले असतात. तिला शांतपणे सांगा: रेडिओच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. शरीरातले अणू-रेणू फोडण्याची ताकद त्यांच्यात नाही. खूप मोठ्या शक्तीवर आणि अगदी जवळून त्या ऊब निर्माण करतात, म्हणून तर एरियल उंच आणि माणसांपासून लांब ठेवायचं. घरगुती केंद्र दिवसभर लहरी सोडत नाही; बोलतं थोडं आणि ऐकतंच जास्त. एवढं सांगूनही तिची भीती गेली नाही, तर तार तिच्या खिडकीपासून आणखी दूर घ्या. शास्त्र आपल्या बाजूचं असलं तरी तिची झोपही महत्त्वाची आहे.

हे केंद्र शेजाऱ्यांचंही आहे

२००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद (संकेतनाव व्हीयू-२-आरबीआय) हॅम मंडळींचं पथक घेऊन अंदमानात, तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. फोन बंद पडले. हौसेसाठी नेलेल्या त्या संचावरूनच बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना जाऊ लागले: आई सुखरूप आहे, मुलगा सापडला, काळजी करू नका. त्याआधी २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपातही हॅम असेच धावून गेले होते. मोबाईलचे टॉवर वीज असेपर्यंत आणि गर्दी आवरेपर्यंतच चालतात. एक बॅटरी, एक संच आणि एक तार मात्र कुणावरही अवलंबून नसते.

आपल्या गावात पूर आला, दोन दिवस वीज नि फोन गेले, तर वरच्या मजल्यावरच्या वहिनी पुण्यातल्या लेकीला निरोप कुणाकडून पाठवतील? तुमच्याचकडून. ज्या तारेवरून जिन्यात कुरबूर होते, तीच तार त्या दिवशी सगळ्या इमारतीची असेल. हे शेजाऱ्यांना भाषण देऊन पटत नाही. त्यांनी कधी तक्रार केली, तेव्हा तुम्ही संच बंद करून, कडी घेऊन, हसतमुखानं दारात उभ्या राहिलात, यावरूनच पटतं.

आणि जाता जाता एक सुचवू का? तक्रारींना उत्तरं देता देता एवढं सगळं तुम्हाला समजलंच आहे, तर यजमानांचा किंवा मुलाचा संच पुसून ठेवण्यावर समाधान मानू नका. परीक्षेचं पुस्तक दुपारच्या निवांत वेळी तुम्हीच उघडा. रेस्ट्रिक्टेडचा अभ्यास रोज तासभर केला तर काही महिन्यांत सहज झेपेल. आणि खालच्या मजल्यावरच्या हुशार वहिनींनाही सोबत घ्या. तक्रार करायची वेळ आलीच, तर त्या फ्रिक्वेन्सीसकट करतील!